कुणी

शेफील्डमधल्या जुन्या चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं आणि अडतीस हजार पौंड.
अर्ज एकसष्ट.
खाली ट्राम वळताना किंचाळते,
ग्वेन टॉर्डॉफ दर वेळी थांबते, मग वाक्य पुरं करते.

बाळ रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात,
इथे तर रडणंही सुरेख मांडलेलं:
रंगीत आलेख, हसऱ्या चेहऱ्यांची टीम,
टी-शर्टांचा खर्च वेगळ्या रकान्यात.
खोटं कुणाचंच नव्हतं.
बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, एवढंच.
आणि हे हुलगे निवडलेले होते, खडा नव्हता त्यांत.

मी घरून दुसरीच यादी आणली होती.
तीन रात्री उलटं मोजत गेले:
कोण कुणाच्या खांद्यावर,
तो खांदा पुन्हा कुणाच्या,
खाली, अजून खाली, जिन्यातला दिवा पोचत नाही तिथवर.
तिथे चारशे ओळींचं एक काम सापडलं.
तारखा लावतं. लीप वर्ष,
मार्चमध्ये घड्याळ पुढे सरकतं तेव्हा हरवणारा तास.
हॉस्पिटलांची पत्रं त्याच्यावर, लायब्ररीचे दंड, बसचे पास.
आमची कंपनीही. मीच घातलं होतं, २०११ साली,
एका ओळीत, आभाराचा शब्द न लिहिता.

सांभाळणारे: एक.
नेव्हिल ब्लँचर्ड, ग्रिम्सबी. मासळीच्या शीतगृहात रात्रपाळी.
अर्ज: नाही.

बैलगाडीचं चाक निखळू नये म्हणून
आसाच्या टोकाला लोखंडाची खीळ घालतात,
तिला कुणी म्हणतात.
"हे बघतं कोण?"
"बघत असेल कुणी."
त्या खोलीत हे कुणाला सांगणार होते?

फोन केला. मागे फोर्कलिफ्टचं पीं पीं.
"पैसे नकोत," म्हणाला, "पगार आहे मला.
माणूस आहे का तुमच्याकडे? चौदा दिवस.
बायकोला हलहून बोटीनं रॉटरडॅमला न्यायचंय, तिच्या बहिणीकडे.
सोळा वर्षं 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हणतोय.
नातीच्या बाप्तिस्म्याला मी चर्चबाहेर बाकावर,
एका बँकेला उत्तर लिहीत.
बँकेनं 'तातडीचं' लिहिलं होतं.
'कृपया' नव्हतं."

'गरज किती' या रकान्यात आकडाच चालतो.
'माणूस' लिहिलं की चौकट लाल होते.

"न मागणाऱ्याला दिलं," इद्रिस म्हणाला,
"तर मागणाऱ्यांना काय सांगायचं?"
चूक नव्हतं त्याचं.
"अर्ज बावीस पानी आहे," फरहाना संत्रं सोलता सोलता म्हणाली.
"रात्रपाळी करून बावीस पानं कोण लिहितं?"
मग बराच वेळ नुसता संत्र्याचा वास.

पावणेसहाला ठरलं. टी-शर्टवाल्यांना अकरा हजार,
त्यांचं काम खरंच मोठं आहे.
इतरांना थोडं थोडं, कुणाला नाहीच.
ग्रिम्सबी: दोन हजार चारशे, बदली माणूस.
नाव?
ट्राम गेली. दुसरी गेली.
मी माझं सांगितलं,
मग मतदानापुरतं मला जिन्यात उभं केलं.
परत आले तेव्हा म्हटलं, पैसे मी घेणार नाही.
"घे," ग्वेन म्हणाली. "फुकट करणारा
आणखी एक नकोय आपल्याला."

शनिवारी संध्याकाळी नेव्हिलचा निरोप:
बोट सुटली. दुर्बीण घेतलीय, लॅपटॉप नाही.

रविवारी वुल्वरहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलातून:
एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या एका बाईंना
पत्रच जात नाही. तातडीचं.
मी चहा ठेवला, खुर्ची ओढली,
पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.
अकराव्या ओळीशी त्याच्या हातची टीप, २००९ची:
'इथे हात लावू नका.
का, ते आता आठवत नाही.'